पावसाळ्यात रत्नागिरीहून लेक घरी नेताना

जुलैच्या पहिल्या आठवड्यात युरोपात नोकरी करणारं एक मराठी जोडपं रत्नागिरीत उतरलं. एकविसाव्या दिवशी परतीच्या गाडीत बसताना, दत्तक घेतलेल्या लेकीसह, ते तिघं होते. ज्यांची अशीच फेरी ठरली आहे त्यांच्या कामी यावा म्हणून हा वृत्तांत. कागद, औषधं, खाणंपिणं यांचा तपशील मुद्दाम लांबवला आहे.

मुलीचं आणि संस्थेचं नाव यात नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकण्याआधीही हे आठवा. मुक्कामाच्या घरच्या काकू तिला 'बाय' म्हणायच्या. इथेही ती बायच.

निघण्यापूर्वी

परदेशात राहणाऱ्यांना थेट संस्थेकडे जाता येत नाही. राहत्या देशातल्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेकडून किंवा तिथल्या केंद्रीय प्राधिकरणाकडून गृह अध्ययन अहवाल होतो. तो दिल्लीच्या 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, पोर्टलवरून जातो. मुलाची माहिती आली की बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल यांच्या पानापानावर सही करून स्वीकृती द्यायची. सही करण्याआधी तो वैद्यकीय अहवाल आपल्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवण्याची मुभा आहे, ती जरूर घ्या. मग राहत्या देशाचं संमतिपत्र, काराचं ना-हरकत प्रमाणपत्र, आणि शेवटी दत्तक आदेश. हा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आला. आदेश झाल्यापासून दोन महिन्यांत आई-वडिलांनी मुलाला न्यायला भारतात यायचं असतं.

हे सगळं पार पडलेलं होतं, म्हणूनच तिकिटं काढली. चूक तिथेच झाली, पण ते तिसऱ्या दिवशी कळलं.

महिनाभर आधी एक काम मात्र फार चांगलं झालं होतं. आई-बाबांनी बारा फोटोंचा जाड पुठ्ठ्याचा अल्बम आणि एक सुती दुपटं संस्थेला पाठवलं होतं. ते दुपटं आईने आठवडाभर स्वतः उशीवर घालून वापरलं आणि न धुता पाठवलं. बायच्या पाळण्यात ते महिनाभर होतं.

दिवस पहिला: दादर ते रत्नागिरी

मुंबईत एक रात्र झोप काढून पहाटेची जनशताब्दी. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात, म्हणून उतरण्याच्या दिवशी संस्थेची वेळ घेऊ नये. रस्त्याने जायचं तर परशुराम घाटात दरड येण्याची धास्ती असते. जुलैत गाडीच बरी.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा याच महिन्यात. स्टेशनातून रिक्षात बसेपर्यंत सामान भिजलं.

मुक्काम हॉटेलात न ठेवता घरगुती ठेवला होता. खोली निवडताना चार गोष्टी पाहिल्या. तळमजला. जमिनीवर गादी टाकता येईल एवढी जागा. न्हाणीघरात शॉवरऐवजी बादली आणि तांब्या, कारण बायला तेच माहीत. आणि स्वयंपाकघर वापरायची मोकळीक. काकूंनी त्या रात्री कुळथाची पिठी, भात आणि फणसाच्या आठळ्या घातलेली डाळ वाढली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजं म्हावरं नाही. सुकट होती. मुलगी दोन वर्षांची आहे एवढं कळल्यावर काकूंनी आपणहून विचारलं, "तिकडे पेज उकड्या तांदळाची देतात की सुरय?" सुरय म्हणजे न उकडलेला तांदूळ. हा प्रश्न आई-बाबांच्या यादीत नव्हता. तो लगेच लिहून घेतला.

दिवस दुसरा: पहिली भेट

वेळ सकाळी दहाची. अंघोळ आणि न्याहारी झालेली, दुपारच्या झोपेला अजून अवकाश. पहिल्या भेटीला याहून बरी वेळ नाही. दोघांचे कपडे साधे, सुती. अत्तर नाही, गडद चष्मा नाही. खेळणी नेली नाहीत. नव्या माणसाबरोबर खेळण्यांचा ढीग आला की मूल गोंधळतं.

सतरंजीवर बसून राहायचं, उचलायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. बाय एका मावशीच्या पदराआडून बघत होती. आईकडे पाहून तिने अल्बमवर बोट ठेवलं. बाबांकडे नजर गेली मात्र, आणि ओठ वाकडे झाले. यात घाबरण्यासारखं काही नसतं. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका, पुरुष दिसतो तो बहुधा डॉक्टर, तोही सुई घेऊन. दाढी, जाड आवाज, उंची, सगळंच अनोळखी.

बाबा उठून दाराजवळ जाऊन बसले, तिच्याकडे पाठ न करता पण थोडं वळून. शेजारी पाण्याची रिकामी स्टीलची वाटी होती. त्यांनी ती काठावर उभी करून जमिनीवरून घरंगळत सोडली. वाटी गोल फिरली, खणखणली, आडवी झाली. कोणी काही बोललं नाही. पाचेक मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्या वेळी वाटी बायच्या पायाशी थांबली. तिने ती बराच वेळ न्याहाळली, मग बसल्या बसल्या दोन्ही हातांनी ढकलली. वाटी वाकडीतिकडी जाऊन भिंतीला लागली. भेट पन्नास मिनिटांची होती, त्यातली निदान वीस त्या वाटीत गेली.

बाय दोघांनाही 'मावशी' म्हणाली. तिच्या जगात सांभाळणारं माणूस म्हणजे मावशी. अशा वेळी 'मावशी नाही, आई म्हण' असं दुरुस्त करू नये. आपण स्वतःबद्दल बोलताना 'आई भरवते', 'बाबा आले' असं म्हणत राहावं. शब्द ऐकून ऐकून बसतो.

भेटीनंतर अर्धा तास मावश्यांशी बोलणं झालं. हा अर्धा तास अहवालाच्या वीस पानांइतकाच मोलाचा. वहीत उतरलेलं असं: कुशीवर झोपते, डावीकडे, थोपटायचं ते पाठीवर नाही, मांडीवर. दूध कोमट, त्याच कंपनीचं, पाणी किती घालतात त्याचं माप. पेज उकड्याची, चिमूटभर मीठ, तूप नाही. शू-शीसाठी तिचे शब्द. मिक्सरच्या आवाजाला घाबरते. ताप आला की कोणतं औषध, किती मिली. लसीकरणाचं मूळ कार्ड हातात घेऊन तारखा पाहिल्या. या वयाला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान झालेला असायला हवा. कार्डाची छायाप्रत पुरत नाही, परदेशातले डॉक्टर मूळ कार्ड मागतात.

दिवस तिसरा: एक अक्षर

सकाळी भेट, दुपारी कागद. टेबलावर पासपोर्ट उघडे ठेवून प्रत्येक कागदातलं नाव अक्षर-अक्षर जुळवलं. दत्तक आदेश बरोबर. देशादेशांतल्या दत्तकाबद्दलच्या हेग कराराच्या कलम २३ खालचं प्रमाणपत्र बरोबर. हे प्रमाणपत्र कारा आदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत देतं, आणि दोन्ही देशांत दत्तक वैध असल्याचा तोच पुरावा. जन्मदाखल्यात मात्र आईच्या इंग्रजी नावात एक 'ए' कमी.

एवढ्याशा गोष्टीने काय होतं? पासपोर्ट जन्मदाखल्यावरून निघतो, व्हिसा पासपोर्टवरून. दाखला चुकीचा तसाच पुढे गेला असता तर तिन्ही कागद पुन्हा करावे लागले असते, आणि तेही मूल विमानतळावर असताना. पासपोर्टचा अर्ज अजून गेला नव्हता हे नशीब. दाखला देणाऱ्या कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज, सोबत आदेशाची प्रमाणित प्रत आणि आईच्या पासपोर्टची प्रत. दुरुस्तीला सहा दिवस लागले आणि परतीची तिकिटं बदलावी लागली.

म्हणून तिकीट काढण्याआधी जन्मदाखल्याचं स्कॅन मागवा. तीन ठिकाणी बघा: आई-वडिलांची नावं पासपोर्टप्रमाणे, मुलाचं नवं नाव आदेशाप्रमाणे, जन्मतारीख आदेशातलीच. मधलं नाव आणि आडनाव यांची अदलाबदल ही आपल्याकडची नेहमीची चूक. आदेशाच्या प्रमाणित प्रती निदान पाच घ्याव्यात, नंतर परदेशातून मागवणं फार जड जातं.

पैशाचं एकदाच सांगून टाकतो. परदेशातल्या पालकांसाठी संस्थेचं ठरलेलं शुल्क ५,००० अमेरिकी डॉलर आहे. ते बँकेतून भरायचं, पावती घ्यायची. त्यावर देणगी, भेटवस्तू, कपाट, पंखा, काहीही द्यायचं नाही आणि संस्थेनेही घ्यायचं नाही. मावश्यांबद्दल मन भरून येतंच. आईने त्या प्रत्येकीला हाताने पत्र लिहिलं.

दिवस चौथा: निरोप

बायला न्यायचा दिवस. मावश्यांनी औक्षण केलं, तिघांनाही. ज्या मावशीपाशी ती झोपायची तिने बायला स्वतः उचलून आईच्या कडेवर दिलं आणि म्हणाली, "आईबरोबर जायचं हं. मावशी इथेच आहे." डोळ्यांत पाणी होतं, ते लपवलं नाही. हे असंच व्हावं. मुलाला झोपेत उचलून नेणं किंवा मावशीने मागच्या दाराने निघून जाणं, याने मुलाचा विश्वास मोडतो. पाळण्यातली चादर, दुपटं आणि तिची जुनी चप्पल मागून घेतली. फाटकाचा, पाळण्याचा आणि अंगणातल्या चिंचेचा फोटो काढला. मोठी झाल्यावर ती विचारणार, तेव्हा दाखवायला काहीतरी हवं.

रिक्षात ती गप्प होती. घरी आल्यावरही. रडली नाही, हसली नाही, जिथे बसवलं तिथे बसली. 'किती शहाणी आहे' असं कोणीही म्हणेल. हा शहाणपणा नव्हे, धक्का असतो. रात्री अकराला रडू फुटलं ते पावणेदोनपर्यंत. आईने चादर जवळ दिली, मांडीवर थोपटलं. दिवा चालू ठेवला, संस्थेत रात्रभर दिवा असतो. बाहेर पागोळ्यांचा आवाज एकसारखा. पोटातून आलेलं ते रडू थांबवायची घाई आई-बाबांनी केली नाही, हे त्यांनी फार चांगलं केलं.

दिवस पाचवा ते नववा: घरातच

या दिवसांत बाहेरचं काही नाही, आणि तसंच ठेवायचं असतं. भरवणं, अंघोळ, झोपवणं, दुखलं-खुपलं, सगळं फक्त आई-बाबांच्या हातून. मावश्या पाळीपाळीने बदलत, त्यामुळे कोणाच्याही कडेवर जायची तिला सवय. ती काकूंकडे हात करायची. काकू हसून म्हणायच्या, "आईकडे सांग हो बाय," आणि हातातलं भांडं घेऊन आत जायच्या. हे त्यांना एकदाच समजावलं होतं.

सहाव्या दिवशी जुलाब. दुधाचं माप तेच, पण पाणी बदललं होतं. ओआरएसची एक पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी अंदाजाने घालण्याची चूक बरेच जण करतात; मीठ जास्त झालं तर त्रास वाढतो. प्रत्येक जुलाबानंतर चमच्या-चमच्याने. डॉक्टरांनी जस्ताच्या गोळ्या १४ दिवस दिल्या. पेज, मऊभात चालूच. दोन दिवसांत पोट ठिकाणावर आलं.

उशीखाली घावन्याचे तुकडे सापडले. संस्थेतली मुलं असं करतात, उद्याचं खाणं हातात असावं म्हणून. ओरडायचं नाही, काढून घ्यायचं नाही. तिच्या हाताला येईल अशा बुटक्या स्टुलावर झाकणाच्या डब्यात चुरमुरे ठेवले, दिवसभर, कधीही घेता येतील असे. पंधरवड्याने उशीखालचे तुकडे थांबले.

कपडे वाळत नाहीत, ही जुलैतली खरी अडचण. दिवसाला सहा-सात जोड लागतात. दोरी स्वयंपाकघरात, शेवटी इस्त्री. दमट कपड्याने मांड्यांना बुरशीचं पुरळ उठतं. ती चादर मात्र दहाव्या दिवसापर्यंत धुतली नाही.

आठव्या दिवशी देवगडहून आजी आल्या. येण्याआधी फोनवर सगळं बोलणं झालं होतं: उचलायचं नाही, भरवायचं नाही. आजींनी ते मनापासून पाळलं. पडवीत बसून त्या टाकळा निवडत राहिल्या, कोवळी पानं एकीकडे, देठ एकीकडे. बाय खांबाला धरून बघत होती. तासाभराने तिने देठांच्या ढिगातून एक पान उचललं आणि आजींच्या टोपलीत नेऊन टाकलं. आजी म्हणाल्या, "बरं झालं, हे राहिलंच होतं." दुपारी आईने त्याच टाकळ्याची भाजी मऊभातात कालवून भरवली.

दिवस दहावा: पासपोर्टची फेरी

दुरुस्त दाखला आला तसा टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ मिळाली. चार वर्षांखालच्या मुलाचा छापील फोटो न्यावा लागतो, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. स्टुडिओत फ्लॅशने ती दचकली. मग घरीच पडवीत, पांढऱ्या चादरीसमोर, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो चालला. आदेश, दाखला आणि प्रमाणपत्र यांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन छायाप्रती नेल्या होत्या. काम पाऊण तासात.

दिवस अकरावा ते एकोणिसावा: पासपोर्टची वाट, आणि समुद्र

जन्मापासून समुद्रापासून चार-पाच किलोमीटरवर राहिलेल्या बायने समुद्र पाहिलेला नव्हता. आई-बाबांना हे अपेक्षित नव्हतं, पण संस्थेतल्या मुलांचं जग कुंपणाएवढंच असतं. जिना, कुत्रा, मोठा आरसा, सगळं तिला नवंच होतं. म्हणून रोज एकच नवी गोष्ट. एका दिवशी थिबा पॉइंटवरून लांबून भाट्याची खाडी आणि पुलावरचे ट्रक. दोन दिवसांनी मांडवीची जेटी, संध्याकाळी, उघडीप पाहून. मग भाट्याची पुळण. जुलैत समुद्र खवळलेला असतो, पाण्यात पाय घालायचा नाही, लाटेपासून लांबच उभं राहायचं. ओली वाळू पायाला लागली तशी तिने पाय वर घेतला, चढण्यासाठी हात वर केले. समोर आई होती, बाजूला बाबा. हात बाबांकडे होते.

अठराव्या दिवशी स्पीड पोस्टाने पासपोर्ट आला. पाकीट फोडल्याबरोबर नावं पुन्हा जुळवली. जुळली.

दिवस एकविसावा: परत

रत्नागिरीहून मुंबईकडे निघालं की भोके आणि उक्षी यांच्या मध्ये करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. डब्यात दिवे असले तरी खिडकी एकदम काळी होते, आवाज वाढतो, आणि हे सहा-सात मिनिटं चालतं. दोन वर्षांच्या मुलासाठी तो फार मोठा वेळ. आदल्या दिवशी घरी गोधडीखाली 'काळोख आला, काळोख गेला' हा खेळ आठ-दहा वेळा झाला होता. गाडी बोगद्यात शिरली तेव्हा बाबांनी बॅगेतून ती वाटी काढली. निरोपाच्या दिवशी संस्थेने ती दिली होती, आणि त्यांनी ती ठेवली होती आदेशाच्या कागदांसारखीच जपून. आसनापुढच्या फळीवर वाटी फिरत राहिली. बाय आईच्या छातीला चिकटून, एक कान दाबून, वाटीकडे बघत होती. उजेड आला तेव्हा म्हणाली, "काळोक गेला."

मुंबईत व्हिसाचं काम राहिलं होतं. ते ज्या-त्या देशाचं वेगळं, त्याला लागणारे दिवस आधी विचारून घ्या. विमानाच्या वेळी आदेश, कलम २३ चं प्रमाणपत्र आणि ना-हरकत प्रमाणपत्र हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका, इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारतात. दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र आसन लागतं. तिकडे पोचल्यावर पाठपुराव्याचे अहवाल दोन वर्षं द्यायचे असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, एकूण सहा. पहिल्या अहवालाची तारीख आईने गाडीतच वहीत लिहिली. शेजारच्या पानावर काकूंच्या अक्षरात पेजेचं माप आहे: एक वाटी उकडा तांदूळ, आठ वाट्या पाणी, मंद आचेवर, दाणा बोटाने चेपला जाईपर्यंत.